पालथा तांब्या

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला पाणबुडीची निम्मी विद्या लहानपणीच आलेली असते. आमच्याकडे पाठीला पत्र्याचा डबा बांधायचे. काका काठावरून ढकलून द्यायचा, आपण गटांगळी खाऊन भसकन वर यायचो, कारण डबा बुडू देत नसे. एके दिवशी माझ्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. आधी पाठीशी गुळगुळ आवाज आला, मग एक बाजू जड झाली, आणि मग कुणी खालून पाय ओढत नसताना मी अगदी सावकाश पाण्याखाली गेलो. काकाने केसांना धरून वर काढलं. घाबरलो होतो हे खरंच, पण त्या सावकाश बुडण्याचं नवल अजून ओसरलेलं नाही. विहीर तीच, पाणी तेच, मीही तोच. डब्यातली हवा तेवढी निघून गेली होती.

दुसरा प्रयोग आंघोळीच्या वेळचा. तांब्या पालथा करून सरळ बादलीत दाबायचा. तो जायला तयार नसतो, हाताला वर ढकलत राहतो. जरा तिरका केला की बुडबुड करत हवा बाहेर, पाणी आत, आणि तांब्या तळाला. आता कल्पना करा, की त्या पालथ्या तांब्याच्या बुडाला एक झडप आहे. तिरका करायची गरजच नाही. झडप उघडली की हवा वरून निसटते, खालून पाणी चढतं, तांब्या बुडतो. झडप बंद करून आत नळीने जोरात हवा फुंकली, की पाणी आलं त्या वाटेने खाली रेटलं जातं आणि तांब्या वर येतो. पाणबुडीच्या बाजूंना असलेल्या बॅलास्ट टाक्या नेमक्या अशाच असतात: खाली भोकं, वर झडपा, आणि फुंकायला दाबून भरलेल्या हवेच्या बाटल्या. हजार-दोन हजार टनांची पोलादी बोट या एवढ्या युक्तीवर समुद्रात खालीवर करते.

दरवर्षी ८ डिसेंबरला आपलं नौदल पाणबुडी दिन साजरा करतं. १९६७ साली याच तारखेला रिगा बंदरात ‘कळवरी’ ही भारताची पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली. रिगा आज लॅटव्हियाची राजधानी आहे, तेव्हा सोव्हिएत संघात होतं. डिसेंबरातली बाल्टिक किनाऱ्याची थंडी, आणि तिरंगा चढलेल्या बोटीवर कमांडर के. एस. सुब्रमणियन. बोटीचं नाव मात्र थेट केरळच्या किनाऱ्यावरचं: मल्याळममध्ये कळवरी म्हणजे खोल पाण्यातला वाघ-शार्क. ही बोट घरी आणणंही सोपं नव्हतं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध होऊन सुएझ कालवा बंद पडला होता. त्यामुळे कळवरी अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून पुढच्या वर्षीच्या जुलैत विशाखापट्टणमला पोहोचली.

पाणबुडीचे असे दिवस इतर देशांतही आहेत. अमेरिकेत ११ एप्रिल, कारण १९०० साली त्या दिवशी तिथल्या नौदलाने जॉन हॉलंड या आयरिश शाळामास्तराने रचलेली बोट विकत घेतली. रशियात १९ मार्च, कारण १९०६ साली झार निकोलसने पाणबुडी ही जहाजांची वेगळी जात मानली. पाकिस्तानचा दिवस ९ डिसेंबरला येतो, आपल्या दुसऱ्याच दिवशी. त्याकडे पुढे येतो.

कळवरीच्याच जातीची, तिच्या पाठची बहीण म्हणावी अशी ‘कुरसुरा’ आज विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर वाळूत उभी आहे. १९६९ ते २००१ नोकरी करून निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय आहे. मी गेलो तेव्हा आमच्या पुढे एका शाळेची सहल होती. बाहेरून बोट भलीमोठी दिसते, ९१ मीटर लांब. आत पाऊल टाकलं की हा सगळा मोठेपणा कुठे गेला कळत नाही. डोक्याला नळ, खांद्याला चाकं, कोपराला घड्याळासारख्या तबकड्या. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक, त्यातून आधी पाय, मग कंबर, मग डोकं असं स्वतःला ओवावं लागतं. असे सात कप्पे. पुढे सहा आणि मागे चार पाणतीर सोडायच्या नळ्या. आणि या नळकांड्यात पंचाहत्तर माणसं.

तिथे माहिती सांगणारे गृहस्थ स्वतः नौदलातून निवृत्त झालेले. सारखं ‘बोट’, ‘हमारी बोट’ म्हणत होते. सहलीतला एक मुलगा म्हणाला, “अंकल, जहाज म्हणा ना, एवढं मोठं आहे.” ते हसले. पाणबुडीवाला आपल्या पाणबुडीला जहाज म्हणत नाही. ती कितीही लांब असो, बोटच. मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, “सगळ्यात पहिलं काय बदलतं पाण्याखाली गेल्यावर?” कुणी म्हणालं अंधार, कुणी म्हणालं गारठा. ते म्हणाले, “हलणं थांबतं.” वर वादळ असलं आणि बोट लाटांवर गडागडा लोळत असली, तरी शेकडो फूट खाली गेल्यावर टेबलावरचा चहाही हिंदकळत नाही. लाट ही वरवरचीच असते. खोल पाण्याला तिचा पत्ता नसतो.

पण तिथे दुसरंच काहीतरी असतं. दर दहा मीटर खोलीमागे पाण्याचा दाब आपल्या हवेच्या दाबाएवढा वाढतो. दोनशे मीटरवर तो इतका होतो, की करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर वीस किलो वजन बसावं. मीटरभर लांब, मीटरभर रुंद पत्र्यावर दोनशे टन. म्हणून पाणबुडीचं आतलं शरीर गोल असतं. मुठीत अंडं घेऊन सगळ्या बाजूंनी सारखं दाबलं तर ते सहज फुटत नाही, कारण गोलाईत दाब एका जागी साठत नाही, वाटला जातो. तरी पोलाद थोडं आवळलं जातंच. हे दाखवायचा पाणबुडीवाल्यांचा एक जुना खेळ आहे. वर असताना आतल्या दोन भिंतींमध्ये एक दोरी तारेसारखी ताणून बांधायची. बोट खाली जाऊ लागली की दोरीला झोळ पडतो. कुणी तिला हात लावलेला नसतो. दोन भिंती एकमेकींच्या जवळ सरकलेल्या असतात. मला विचाराल तर समुद्राची ताकद समजायला सगळ्या आकड्यांपेक्षा ही लोंबणारी दोरी बरी.

रशियन पाणबुड्यांवर पहिल्यांदा खोल गेलेल्या नवख्याला दिव्याच्या काचेच्या टोपणात समुद्राचं खारं पाणी भरून प्यायला लावतात. एका घोटात संपवलं तर तो आपल्यातला. तोंड वेडंवाकडं करायची मुभा असावी असं मला वाटतं.

तर बुडणं सोपं. अवघड आहे ते अधांतरी राहणं. वर नाही, खाली नाही, जिथे ठेवलं तिथे. त्यासाठी बोटीचं वजन आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन काट्यावर जुळावं लागतं. आणि बोटीचं वजन तर दिवसभर बदलत असतं. स्वयंपाकघरातला तांदूळ संपतो. पाणतीर सुटला की टनाहून जास्त वजन एकदम कमी होतं, मग तेवढंच पाणी लगेच आत घ्यायचं. सगळ्यात गमतीची गोष्ट डिझेलची. इंधन जळून टाकी रिकामी होऊ लागली की तिच्यात खालून समुद्राचं पाणी येऊ देतात, म्हणजे टाकीवर दाब येत नाही. पण पाणी डिझेलपेक्षा जड. त्यामुळे आपली मोटार पेट्रोल संपेल तशी हलकी होते, आणि पाणबुडी डिझेल संपेल तशी जड होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बोटींवर घाईने बुडी मारायची असली, की मोकळ्या असलेल्या सगळ्यांनी नाकाकडच्या टोकाला धाव घ्यायची असा हुकूम असे. माणसांचं वजनच पुढे नेऊन बोटीचं तोंड खाली झुकवायचं.

शिवाय समुद्र सगळीकडे सारखा नसतो. आपल्याकडे तर अजिबात नाही. अरबी समुद्र खारट. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, सगळ्या आपापलं गोडं पाणी ओततात, आणि पावसाळ्यानंतर उत्तरेकडचं वरचं पाणी बरंच अळणी होतं. मीठ कमी म्हणजे पाणी हलकं, आणि पाणी हलकं म्हणजे बोटीला आधार कमी. कळवरीसारखी बोट बुडालेली असताना सुमारे अडीच हजार टन पाणी बाजूला सारते. पाण्याचा खारटपणा हजारात पाच भागांनी उतरला, की तीच बोट नऊ-दहा टनांनी जड झाल्यासारखी वागते. नाशिकात पडलेला पाऊस गोदावरीतून समुद्राला मिळतो आणि तिकडे कुणाला तरी पंप चालू करून काही टन पाणी बाहेर टाकावं लागतं. हा हिशोब मी कागदावर दोनदा करून पाहिला, तेव्हा विश्वास बसला.

आता कानाची गोष्ट. पाण्याखाली डोळे निकामी. काही मीटरांपलीकडे दिसत नाही. रडारच्या लहरीही खाऱ्या पाण्यात लगेच विरतात. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, आणि लांबवर जातो. म्हणून तिथे सगळा कारभार ऐकण्यावर चालतो. आणि गंमत अशी, की हा आवाज सरळ जात नाही. गरम पाण्यात तो वेगाने जातो, थंड पाण्यात हळू. बैलगाडीचं एक चाक डांबरी रस्त्यावर आणि दुसरं चिखलात असलं तर गाडी कुठे वळेल? चिखलाकडे. आवाजही तसाच हळू जाणाऱ्या बाजूला, म्हणजे खालच्या थंड पाण्याकडे वळतो. ऊन चढलं, वरचं पाणी तापलं, की वरच्या युद्धनौकेने सोडलेला शोधाचा आवाज वाकून खाली बुडतो, आणि थोड्या अंतरापुढे एक अशी जागा तयार होते जिथे तो पोहोचतच नाही. आवाजाची सावलीच म्हणा ना. पाणबुडीने त्या सावलीत बसावं. युद्धनौकेवरच्या लोकांना जुन्या काळी हा अनुभव यायचा, की सकाळी चांगलं चालणारं सोनार यंत्र दुपारी जेवणानंतर आळसावतं. चालवणाऱ्याला झोप येते म्हणून, असंही कुणाला वाटलं तर नवल नाही. दोष उन्हाचा होता.

लपायला आणखी एक जागा आहे. उबदार, उथळ किनाऱ्यांवर एक बोटभर लांबीची कोळंबी राहते. तिचा एक नांगा मोठा असतो. तो ती इतक्या जोरात मिटते, की पाण्यात एक पोकळ बुडबुडा तयार होतो आणि क्षणात फट्‌ करून मिटतो. अशा लाखो कोळंब्या एका वेळी कामाला लागल्या, की ऐकणाऱ्याच्या कानात मोहरीची फोडणी तडतडल्यासारखा आवाज अखंड भरून राहतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पाणबुड्यांनी या तडतडीचा आडोसा घेतला होता. आणि पाणबुडीचा पंखा वेगाने फिरला तर त्याच्या पात्यांवर हेच बुडबुडे तयार होऊन फुटतात, त्याचा आवाज मैलोगणती ऐकू जातो. म्हणजे कोळंबी ज्या कारणाने लपवते, त्याच कारणाने पंखा चहाडी करतो. म्हणूनच पाणबुडी खाली असताना बहुतेक वेळ सायकलच्या वेगाने, किंवा त्याहूनही हळू चालते.

१९७१च्या डिसेंबरात हे सगळं कागदावरून समुद्रात उतरलं. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री पाकिस्तानची ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली. मूळची ती अमेरिकन बोट, ‘डायब्लो’. ८ डिसेंबरला आपल्या पाणबुडी दलाला चार वर्षं पूर्ण झाली. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाकिस्तानी पाणबुडीने आपल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेवर पाणतीर सोडला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेवरच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवण्याची ती पहिली वेळ. पाकिस्तानचं नौदल ९ डिसेंबरला हंगोर दिन पाळतं. दीवला समुद्राकडे तोंड करून खुकरीचं स्मारक आहे. आपल्या ८ डिसेंबरच्या समारंभाला ही दुसऱ्या दिवसाची सावली कायम लागून असते. खाली काय बसलेलं असतं आणि वरच्याला ते कळत नाही याचा अर्थ काय, हे आपल्याला त्या रात्री उलट्या बाजूने कळलं.

त्याच युद्धात आपल्या ‘करंज’ या पाणबुडीचे कप्तान होते विजयसिंह शेखावत. पुढे ते नौदलप्रमुख झाले. २०२१च्या मार्चमध्ये मुंबईत नवी ‘करंज’ नौदलात आली तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून तेच उभे होते. जुनी बोट मोडीत निघाली की तिचं नाव नव्या बोटीला द्यायचं, ही नौदलाची रीत. घरात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं. नवी कळवरी २०१७च्या डिसेंबरात आली, नवी खांदेरी २०१९ला. खांदेरी हे नाव तर थळच्या किनाऱ्यावरून रोज दिसणारं. १६७९ साली शिवाजी महाराजांनी त्या बेटावर किल्ला बांधायला काढला आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी आरमार पाठवलं, सिद्दी आला, तरी किल्ला उभा राहिलाच. मुंबईच्या तोंडाशी बसलेला तो खडक आणि मुंबईत बांधलेली ती बोट, दोघांचं नाव एक.

हो, मुंबईत बांधलेली. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून समुद्राकडे चालू लागलं की माझगाव डॉकची भिंत येते. देशात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ १९९२ला इथूनच बाहेर पडली. तिच्या जर्मन आराखड्यात एक विलक्षण गोष्ट होती: बोटीच्या पोटात एक पोलादी गोळा, ज्यात संकटकाळी सगळे खलाशी बसतील आणि तो सुटून वर तरंगत येईल. पुढे फ्रेंच आराखड्याच्या, नव्या कळवरीच्या जातीच्या सहा बोटी याच भिंतीमागे जोडल्या गेल्या, शेवटची ‘वाघशीर’ २०२५च्या जानेवारीत नौदलात आली. एकेका बोटीत सुमारे ६० किलोमीटर वायर आणि ११ किलोमीटर नळ. लांबी साडेसदुसष्ट मीटर, आपल्या लोकलच्या तीन डब्यांएवढी.

आणि बॅटरी. बॅटरीचे ३६० घट, एकेक ७५० किलोचा. म्हणजे २७० टन, बोटीच्या वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा. एवढं ओझं का वाहायचं? कारण डिझेल इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नाही. खाली असताना सगळं विजेवर. वीज संपत आली की वर यायचं, पूर्ण नाही, फक्त एक जाड नळी पाण्याबाहेर काढायची आणि तिच्यातून हवा ओढत इंजिन चालवून घट भरून घ्यायचे. नळीच्या तोंडाशी झडप असते, लाट आली की ती मिटते. पण इंजिनाला ते ठाऊक नसतं. ते बोटीतलीच हवा ओढत राहतं, आणि आतल्या प्रत्येकाच्या कानाला दडा बसतो. लाट गेली, झडप उघडली, कान फट्‌ करून मोकळे. पुन्हा लाट. असं काही तास. घट भरताना त्यांतून हायड्रोजन निघतो, तो साठू देता येत नाही. घटांत खारं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू होतो, तो त्याहून वाईट. आणि या सगळ्या वेळात पाण्यावर ती एवढीशी नळी आणि थोडा धूर दिसत असतो. पाणबुडी सापडायची तर बहुधा श्वास घेतानाच.

अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘अरिहंत’सारख्या बोटींना ही कटकट नाही. त्यांना वर यायला लावतो तो शिधा. साध्या बोटींसाठी उपाय शोधला गेला तो मात्र समुद्रापासून आत, अंबरनाथला. तिथे संरक्षण संशोधन संस्थेची नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या मंडळींनी अशी यंत्रणा बनवली आहे, जिच्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन शांतपणे एकत्र आणून त्यातून वीज काढतात. जाळायचं काही नाही, त्यामुळे नळी वर काढायला नको, आणि बोट कितीतरी जास्त दिवस खाली राहू शकते. २०२१ला जमिनीवर तिची चाचणी पार पडली. २०२४च्या डिसेंबरात ती बोटींत बसवण्याचं काम माझगाव डॉककडे दिलं गेलं. हे बसवणं म्हणजे काय, तर तयार, समुद्रात चाललेली बोट सुक्या गोदीत घ्यायची, मधोमध आडवी कापायची, दोन तुकडे दूर सरकवायचे, मध्ये यंत्रणेचा नवा गोल तुकडा ठेवायचा आणि पुन्हा असं जोडायचं, की नखाएवढ्या जागेवर वीस-पंचवीस किलो पेलताना तो सांधा कुठला ते समुद्रालाही कळू नये.

एवढं सगळं करून ती वीज निघते तेव्हा मागे धूर उरत नाही, राख नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आले की जे होतं तेच होतं, पाणी. ते बाहेर समुद्रात सोडून देतात.